फलकाआड आलेलं झाड

'आकाशचिन्ह विभाग' ही पाटी वाचून अधूनमधून कुणीतरी आपलं भविष्य विचारायला आत यायचं. मग दारातला शिपाई गंभीर चेहऱ्याने सांगायचा, की ग्रहताऱ्यांचं इथे काही बघत नाहीत; रस्त्यावर उंच लोखंडी सांगाड्यांवर जाहिरातींचे फलक असतात ना, त्यांना परवाना देणारं हे ऑफिस. माणूस हिरमुसून गेला की आतल्या टेबलांवर हशा पिकायचा. निरीक्षकबाई मात्र हसायच्या नाहीत. त्यांचं म्हणणं, लोकांना कळत नसेल तर पाटी बदला.

बाईंचा स्वभावच तसा. फलक चौकाच्या किती जवळ, फुटपाथपासून किती उंच, सिग्नल झाकतो का, कुणाच्या खिडकीचा उजेड अडवतो का, हे सगळं स्वतः जाऊन, टेप लावून बघितल्याशिवाय त्या सही करत नसत. फलकवाल्या कंपन्यांनी त्यांचं नाव 'मोजपट्टी' ठेवलं होतं. ते त्यांच्या कानावर आलं होतं आणि खरं सांगायचं तर आवडलंही होतं. नोकरीने त्यांना आणखी एक सवय लावली होती. समोरचा बोलायला लागला, की तो काय सांगतोय यापेक्षा काय सांगत नाहीये, याकडेच त्यांचं लक्ष. भाजीवालीचा हात जरा तिरका झाला तरी त्यांची नजर काट्यावर.

झाडांचा नियम त्यांच्याच आग्रहाने झाला होता. फलक नीट दिसावा म्हणून कंपन्या समोरच्या झाडांच्या फांद्या छाटायच्या, आणि तेवढ्याने भागलं नाही तर गुपचूप झाडच मारायच्या. बाईंनी वरिष्ठांचा पिच्छा पुरवला आणि नियम करून घेतला: फलकाजवळचं झाड कुणी मारलं असं दिसलं, की त्या फलकाचा परवाना रद्द, आणि जागा प्रतीक्षेतल्या पुढच्या अर्जदाराला. कुणी मारलं हे सिद्ध करत बसायचं नाही. झाड सांभाळणं ही परवानेवाल्याची जबाबदारी.

"सिद्ध करायला गेलं की वर्षं जातात," त्या तेव्हा साहेबांना म्हणाल्या होत्या. "आणि झाड काही साक्ष द्यायला येत नाही."

या नियमाखालची पहिली तक्रार झाडकाकांची आली. झाडकाका म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ; खांद्याला कापडी पिशवी, डोक्याला उन्हाची टोपी. स्वतःच्या रोपवाटिकेतली रोपं शाळाशाळांतून वाटायचे, पेपरात पत्रं लिहायचे. कुठे फांदी तुटली तरी सगळ्यात आधी त्यांनाच खबर लागायची.

"बाई, दवाखान्याच्या चौकातला शिरीष चाललाय," ते फोनवर म्हणाले. "कुणीतरी बुंध्यात विष घातलंय."

बाई त्याच दुपारी गेल्या. शिरीष चांगला भरगच्च उभा होता. त्याच्या फांद्यांनी मागचा फलक अर्धाअधिक झाकला होता. जाहिरात गादीची होती, पण झोपलेल्या बाईचे नुसते पाय तेवढे दिसत होते. झाडकाका बुंध्याशी उकिडवे बसले, मुळाजवळची माती हाताने बाजूला केली आणि चिखलाने बुजवलेली भोकं दाखवली.

"पण झाड तर हिरवंगार आहे," बाई म्हणाल्या.

"आज आहे. वरून कळत नसतं, बाई. आमच्यासारख्यांना कळतं." ते हात झटकत उठले. "या बिचाऱ्याचा त्रास कुणाला होत होता, ते तुम्हाला मी वेगळं सांगायला नको."

फलकाकडे नजर टाकली की ते कुणालाही कळलं असतं. बाईंना काकांच्या नजरेचं कौतुक वाटलं. त्या कंपनीला नोटीस काढायची हे त्यांनी तिथेच ठरवलं, आणि ऑफिसात परतताना वाटेत त्यांच्या लक्षात आलं. तो सांगाडा त्यांच्या सख्ख्या थोरल्या भावाने उभा केला होता.

दादा वेल्डर होता. शहरातले बरेचसे सांगाडे त्याच्या हातचे. घर एकच, खाली दादाचं वर्कशॉप आणि त्यामागे दादा-वहिनीचा संसार, वरच्या मजल्यावर एकट्या बाई. लग्नाच्या भानगडीत त्या पडल्या नव्हत्या, पण जेवायला खालीच असायच्या. दादाचे कागद आपल्या टेबलावर येऊ द्यायचे नाहीत हे त्यांनी साहेबांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि घरात कामाचा विषय काढायचा नाही हे दादाला.

त्या संध्याकाळी त्या जेवायला खाली उतरल्या तेव्हा वर्कशॉपच्या टेबलावर दादाची पिशवी उघडी पडली होती. आत ड्रिलचं लांबलचक पातं होतं, आणि एक झाकणाचा डबा. डब्याला नाकात झिणझिण्या आणणारा वास येत होता.

"काय रे यात?"

दादाने पिशवी पुढ्यात ओढली. "गंज काढायचं औषध. हात लावू नकोस, कातडी सोलून निघेल."

एरवी बाईंनी ते ऐकून सोडून दिलं असतं. पण दादाने पिशवी ओढली ती जरा जास्तच घाईने. शिवाय बोलताना तो त्यांच्याकडे बघत नव्हता.

भांडी आवरताना वहिनी सहज म्हणाली, "वन्सं, तुमच्या दादांना हल्ली नवं खूळ लागलंय. संध्याकाळचे फिरायला जातात. कोपऱ्यावरच्या दुकानात जायला ज्याला स्कूटर लागते, तो माणूस चालतोय."

"कुठे जातो?"

"काय माहीत. विचारलं तर म्हणतात, पाय नेतील तिकडे." वहिनी हसली. "आणि फिरायला जाताना पिशवी कशाला लागते, तेही एक कोडंच आहे."

वहिनी थट्टेत बोलली होती, पण बाईंना टेबलावरची ती पिशवी आठवली.

दोन-तीन दिवसांनी त्या ऑफिसातून परस्पर दवाखान्याच्या चौकात गेल्या आणि समोरच्या औषधाच्या दुकानात शिरल्या. खोकल्याच्या बाटल्या बघण्याचं निमित्त करून त्या काचेतून बाहेर बघत राहिल्या. दिवस कलायला आला होता. थोड्या वेळाने दादा आला. त्याने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं, सांगाड्याच्या पायाशी पोत्याचा आडोसा केला आणि त्याच्यामागे बसला. तिथून शिरीषाचा बुंधा हाताच्या अंतरावर होता. दादाची नुसती पाठ हलताना दिसत होती.

"बाई, कोरडा खोकला की ओला?" दुकानदाराने विचारलं.

त्यांनी हाताला लागेल ती बाटली घेतली. रस्ता ओलांडून 'दादा, काय करतोयस' एवढं विचारायचं होतं. पण त्या गेल्या नाहीत. विचारलं असतं तर त्याने काहीतरी उत्तर दिलं असतं, आणि ते खरं की खोटं हे मग त्यांना ठरवावं लागलं असतं.

पुढच्या काही आठवड्यांत शिरीष वाळला. आधी शेंड्याची पानं पिवळी पडली, मग फांद्याच्या फांद्या उघड्या झाल्या, आणि गादीवरची बाई डोक्यापासून पायापर्यंत दिसू लागली. कंपनीचा परवाना रद्द झाला. मॅनेजर बाईंच्या टेबलासमोर हात जोडून म्हणाला, "बाई, आमच्या फलकाचं नूतनीकरण तोंडावर आलेलं. असल्या वेळी आम्ही झाडाला हात लावू? आम्हाला काय वेड लागलंय?" बाईंनी मान वर केली नाही. प्रत्येकजण असंच काहीतरी म्हणतो.

अहवालात त्यांनी दोन ओळी जास्तीच्या लिहिल्या. सांगाडा बांधणारा कारागीर संध्याकाळच्या वेळी झाडाच्या बुंध्याशी अवजारं घेऊन बसलेला निरीक्षकांनी स्वतः पाहिला आहे. तो निरीक्षकांचा सख्खा भाऊ आहे. साहेबांनी ते वाचून चष्मा काढला.

"हे लिहायलाच हवं होतं का?"

"पाहिलं ते लिहिलं, साहेब."

चौकशी होईपर्यंत दादाची नोंदणी स्थगित झाली. म्हणजे शहरात एकही सांगाडा बांधायचा नाही. पत्र घरी आलं त्या संध्याकाळी दादा जिना चढून वर आला. एरवी तो खालूनच हाक मारायचा. दारातच उभा राहिला.

"छकू, तू मला तिथे बघितलंस. मग हाक का नाही मारलीस?"

"तू काय करत होतास तिथे?"

"झाडाला मी बोटही लावलेलं नाही."

"ते नाही विचारलं मी. काय करत होतास?"

 दादा आला तसा खाली गेला. बाईंना वाटलं, झालं, आपल्याला उत्तर मिळालं.

दादाने गावाबाहेर, लांबच्या एका शहरात इमारतीच्या कामावर मजुरी धरली. वहिनी वरच्या मजल्यावर हाक मारेनाशी झाली. बाई वरच गॅसवर काहीतरी शिजवून खायच्या. एकदा जिन्यात गाठ पडली तेव्हा वहिनी एवढंच म्हणाली, "तुमची शंका फिटली ना, ताई? मग झालं." वन्संची ताई झाली, हे बाईंना नोंदणीच्या पत्रापेक्षा जास्त लागलं.

दवाखान्याच्या चौकातली जागा नियमाप्रमाणे प्रतीक्षेतल्या नव्या कंपनीला गेली. कंपनी एका तरुण मालकाची होती, कागदपत्रं चोख. जुना सांगाडा तिने विकत घेतला आणि त्यावर आणखी मोठा फलक चढवण्याचा अर्ज टाकला.

तेवढ्यात झाडकाकांचा पुन्हा फोन आला. "बाई, बस डेपोजवळची निलगिरी. तोच प्रकार."

बाई गेल्या. भोकं तशीच, चिखल तसाच. निलगिरीची पानं वाऱ्यावर चांगली सळसळत होती. बाईंनी वर पाहिलं, मग मागे वळून फलक पाहिला आणि पुन्हा झाड. मग त्या रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या आणि तिथून पाहिलं. झाड फलकाच्या मागे होतं. फलकाचा कोपराही ते झाकत नव्हतं. ते राहिलं काय, वाळलं काय, फलकवाल्या कंपनीला काडीचा फरक पडत नव्हता.

मग हे झाड मारून मिळवायचं काय आणि कुणाला?

त्या डेपोच्या बाकावर बसल्या. दादा तर महिनाभर गावात नव्हता. बरं, झाड मेल्यावर होतं काय? परवाना रद्द होतो. आणि परवाना रद्द झाला की जागा मिळते ती रांगेतल्या पुढच्याला, आणि इथेही रांगेत पुढे तीच नवी कंपनी होती. हे ज्याला ठाऊक आहे त्याला झाड फलकाच्या पुढे आहे की मागे, याच्याशी काही कर्तव्य नाही. झाड मेल्याशी मतलब. आपण झाडांना संरक्षण दिलं असं त्या समजत होत्या, आणि इकडे झाडं मारायला कारणच हाती दिलं होतं. दोन्ही वेळा झाड हिरवं असताना फोन आला होता. भोकं मातीखाली होती. ती तिथे आहेत हे काकांना मातीच्या वरून कसं कळलं?  जो येईल त्याच्यावर संशय घेणाऱ्या बाईंनी एकाच माणसावर घेतला नव्हता. का, तर त्याच्या पिशवीत रोपं असायची.

पण हे सगळं डोक्यात होतं, हातात काहीच नव्हतं. या वेळी मात्र त्या दोन ओळी लिहून मोकळ्या झाल्या नाहीत. त्यांनी साहेबांना गाठून नियमात बदल सुचवला: झाडापायी रद्द झालेली जागा कुणालाही द्यायची नाही, कायमची मोकळी ठेवायची. त्यावर हरकती मागवल्या आणि सुनावणी ठेवली.

सुनावणीला कंपन्यांची माणसं आली होती. जुन्या कंपनीचा मॅनेजर म्हणाला, आमचं तर गेलंच, दुसऱ्याला तरी कशाला मिळावं. बाकीच्यांनीही फारसं ताणलं नाही. मग झाडकाका उठले. ते पाठिंबा द्यायला उठले असं समजून दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या.

"बदल चांगल्या हेतूने सुचवलाय," काका म्हणाले, "पण घाई होतेय. जागा मोकळ्या राहिल्या तर शहराचं उत्पन्न बुडेल. सध्याचा नियम उत्तम आहे."

"काका, फलक कमी झाले तर तुम्हाला आनंदच व्हायला हवा," बाई म्हणाल्या.

"आनंद आहेच. पण व्यवहारही बघायला हवा."

"तुमची पेपरातली सगळी पत्रं मी वाचलीत. त्यात व्यवहाराबद्दल कधी काही आलं नाही."

हॉलमध्ये थोडी खसखस पिकली. काकांचा चेहरा तापला. "मला अर्थकारण कळत नाही असं तुम्हाला म्हणायचंय का? मी बँकेत आयुष्य काढलंय. जागा लायक माणसाला मिळत असेल, तर ती अडवायचं कारण काय?"

"लायक म्हणजे कोण, काका?"

तेव्हा मागच्या रांगेतून नव्या कंपनीचा तो तरुण मालक अर्धवट उठून दबक्या आवाजात म्हणाला, "मामा, राहू दे. बसा तुम्ही."

हॉल लहान होता. 'मामा' सगळ्यांनी ऐकलं. साहेबांनी आधी त्या पोराकडे आणि मग काकांकडे पाहिलं. काका उभेच होते, पिशवीचा पट्टा दोन्ही हातांनी धरून.

बाईंचा आवाज चढला नाही. "काका, मी दोन्ही झाडं तुमच्या फोनच्याच दिवशी पाहिली. एक पान पिवळं नव्हतं. भोकं मातीखाली होती. तुम्हाला ती कशी दिसली?"

"अनुभव असतो, बाई."

"मलाही तो शिकायचाय. सांगा ना, काय बघायचं असतं?"

 काका खाली बसले, आणि थोड्या वेळाने कुणाचं लक्ष नाही असं बघून निघून गेले. लक्ष सगळ्यांचंच होतं.

प्रकरण पोलिसांत गेलं. काकांच्या रोपवाटिकेतल्या माळ्याने निलगिरीचं कबूल केलं. शिरीषाबद्दल शेवटपर्यंत कुणी बोललं नाही. दवाखान्याच्या चौकातला परवाना नव्या कंपनीकडून काढून घेतला गेला. झाडकाकांनी झाडांवर जीव लावला होता हेही बहुधा खोटं नव्हतं. शाळाशाळांतली रोपं त्यांनीच लावली होती. भाच्यासाठी त्या बदल्यात दोन झाडं खर्ची पडली, असा हिशेब त्यांनी स्वतःशी मांडला असावा. बाईंना त्यापुढे विचार करवला नाही.

दादा ज्या शहरात कामाला होता तिथे त्या बसने गेल्या. अर्धवट इमारतीच्या तळाशी, सिमेंटच्या पोत्यांवर बसून दादा डबा खात होता. त्याने सरकून जागा केली.

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या. "झाड तू मारलं नाहीस. कुणी मारलं ते कळलंय." आणि त्यांनी सगळं सांगितलं.

दादाने ऐकून घेतलं. डब्याचं झाकण लावलं. "थांब. एवढ्यात माफी मागू नकोस," तो म्हणाला. "त्या सांगाड्यावर मोठा फलक चढवला का?"

"नाही. परवानाच गेला. का?"

"त्याच्या पायाजवळच्या जोडाला तडा गेलाय. माझंच वेल्डिंग. घाईच्या दिवसांत केलेलं. मी तो गंज काढून, भोकं पाडून, आतून पट्टी बसवत होतो. कुणाला न सांगता."

 दुरुस्ती करायची तर आधी अर्ज, मग इंजिनियरची तपासणी, मग स्थैर्याचं नवं प्रमाणपत्र, आणि तोवर फलक उतरवून ठेवायचा. हे दादालाही तोंडपाठ होतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू माझी नोंदणी रद्द केली असतीस."

"केली असती."

"तरी झालीच की." दादा ओठांतल्या ओठांत हसला.  "झाडाचा आळ मला चालला असता, छकू. तो आज ना उद्या गळून पडला असता. पण सांगाड्याची बातमी फुटली असती, तर माझ्या प्रत्येक कामाखाली लोक मान वर करून उभे राहिले असते. रोज मनात यायचं तुला फोन करावा. मोठा फलक चढतोय असं कळल्यापासून झोप नाही."

"म्हणजे रस्त्यावरून लोक जात होते आणि तू गप्प होतास."

"हो."

 वर कुठेतरी काँक्रीटचा मिक्सर घरघरत होता.

"मला हे लिहावं लागेल," बाई म्हणाल्या.

"लिही. या वेळी खरं लिहिशील." आणि मग त्याने विचारलं, "वहिनीशी बोललीस?"

"ती बोलत नाही."

"माझ्याशीही धड बोलत नव्हती. पिशवीचं तिला सांगितलं नव्हतं ना."

दवाखान्याच्या चौकातला सांगाडा उतरवला गेला. झाडाच्या प्रकरणातून दादाचं नाव वगळल्याचं पत्र आणि विनापरवाना दुरुस्तीबद्दल नोंदणी वर्षभर बंद ठेवल्याचं पत्र, अशी दोन्ही पत्रं एकाच टपालाने घरी आली. दादाही तोवर काम सोडून घरी परतला होता. वहिनीने ती वाचली, जेवायचं ताट वाढलं आणि जिन्यातून वर हाक मारली. काय म्हणून हाक मारावी हे तिचं बहुतेक ठरलं नव्हतं; ती नुसतं "येताय का?" म्हणाली. बाई खाली गेल्या. त्यांच्या ताटात भाजी दुसऱ्यांदा वाढली गेली.

"बाकीचे सांगाडे?" पाणी पिता पिता बाईंनी विचारलंच.

दादाने हातातला घास थांबवला. "आली मोजपट्टी. बाकीचे ठीक आहेत."

"कशावरून?"

"मी सांगतोय म्हणून नको. चल, दोघं बघू. इंजिनियरलाही घे."

त्या महिन्यात तिघं शहरभर फिरले. दादाने बांधलेला एकेक सांगाडा इंजिनियरने तपासला. एका ठिकाणी बोल्ट बदलायला सांगितले, बाकी निर्धोक निघाले. शेवटचा सांगाडा बाजारातला होता. इंजिनियर फोनवर बोलत बाजूला गेला तेवढ्यात दादा शिडीवर चढून वरचे जोड हाताने चाचपत वरूनच म्हणाला, "पक्के आहेत."

"खाली उतर," बाई म्हणाल्या. "मी बघते."

 दादा उतरला आणि शिडीचे दोन्ही दांडे धरून उभा राहिला. बाईंनी पदर खोचला, टेप कमरेला अडकवली आणि एकेक पायरी चढू लागल्या. शिडी हलली तसा त्यांनी खाली पाहिलं.

"धरलंय मी," दादा म्हणाला. "वर बघून चढ."